किंदळ, कंदील आणि परकी झाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वनमहोत्सव आला की आपल्या पत्रांच्या पानावर परदेशी झाडांविरुद्धची पत्रे वाढतात. यंदाच्या पावसातही ती येताहेत. 'विदेशी झाडे मुळासकट उपटून टाका', 'परक्या झाडांना गोव्याच्या मातीत थारा नको', असा त्यांचा सूर आहे. लिहिणाऱ्यांची तळमळ मला कळते. रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपाने गिळलेले डोंगर मी रोज बघते. पण या पत्रांत बाहेरून आलेली सगळी झाडे एकाच दावणीला बांधली जातात. मग जे खरोखर घातक आहे ते सुटते, आणि ज्याचा कोणाला काही त्रास नाही त्याच्यावर कोयता पडतो. म्हणून हे पत्र लिहायला घेतले.

मी अंत्रुज महालातली, म्हणजे फोंड्याकडची. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले, आता घरचे कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग, बघते. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर पंचायतीने मला घेतले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: झाड कुठून आले हे विचारण्याआधी ते आज कुठे उभे आहे आणि तिथे काय करते आहे, हे विचारा. आणि ज्यांचे पाय रोज त्या रानात पडतात त्यांना विचारा.

मूळ गाव विचारत बसलो तर काय होईल ते आमच्याच कुळागरात बघा. अननस दक्षिण अमेरिकेतला. पपई, पेरू, चिकू, सीताफळ, सगळी अमेरिका खंडातली. जायफळ मोलुक्का बेटांवरचे. ज्या पोफळीवर कुळागराचा संसार उभा आहे तीही फार जुन्या काळी आग्नेय आशियाकडून आलेली. अस्सल या बाजूचे म्हणावे तर मिरवेल, फणस, भिरंड (कोकम). चतुर्थीच्या खतखत्यात, म्हणजे मिश्र भाज्यांच्या रश्श्यात, तेफळ आणि सोलां (आमसुले) आपली, पण बटाटा, रताळे आणि मक्याचे कणीस अमेरिकेकडचे. हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, घालतो ती मिरची पोर्तुगीजांनी आणली, आणि आज काणकोणातल्या खोल्याच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. आमच्या देवळाच्या पायऱ्यांवर ज्याची फुले पहाटे सडा घातल्यासारखी पडलेली असतात तो चाफा मध्य अमेरिकेतला. यांतले काय उपटायचे? पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणीही यांतले एकसुद्धा उपटणार नाही, आणि उपटूही नये.

जगभरचे चित्रही असेच आहे. जैवविविधतेवर काम करणाऱ्या 'आयपीबीईएस' या आंतरराष्ट्रीय मंचाने सप्टेंबर २०२३ मध्ये एक अहवाल दिला. माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक प्रजाती त्यात मोजल्या आहेत. त्यांतल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती नव्या जागी जाऊन तिथल्या जिवांवर उठल्या. म्हणजे साधारण दहांत एक. पण ती एक किती जबर असते बघा: जगात ज्या वनस्पती आणि प्राणी नष्ट झाल्याची नोंद आहे, त्यांतल्या ६० टक्क्यांमध्ये या आक्रमक प्रजातींचा हात असल्याचे तोच अहवाल सांगतो. त्या एकीला नेमके धरायचे आहे, आणि नेमके धरायचे तर ती ओळखता यायला हवी.

आमच्या गावात ती ओळख माटोळीवाल्यांना आहे. माटोळी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायची रानफळाफुलांची चौकट. चतुर्थीच्या आधी आमच्याकडचे काही लोक डोंगरात जातात आणि कांगलां, घागऱ्यो, कवंडळ, माट्टीची (ऐनाची) फळे, कुड्याच्या शेंगा, शेरवडां घेऊन येतात. काही घरच्या माटोळीला बांधतात, बाकीचे माटोळीच्या बाजारात नेऊन विकतात. कोणता वेल कोणत्या घळीत चढतो, कोणते झाड एक वर्षाआड फळते, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांच्यातल्या एका वयस्क गृहस्थांना मी गेल्या चतुर्थीला विचारले की यंदा कवंडळ एवढी लहान आणि थोडी का. ते म्हणाले, "बाई, थंय आतां वाटच उरूंक ना." म्हणजे तिथे आता वाटच उरली नाही. त्यांच्याबरोबर मी वर गेले. जिथे पूर्वी कुड्याची आणि करवंदाची जाळी होती, तिथे माझ्या डोक्याच्या वर गेलेली रानमोडी. आत शिरायला फट नाही. कवंडळाचा वेल होता, पण त्याला चढायला झाड मिळाले नव्हते. रानमोडीवरच तो आडवा पसरला होता आणि खालून पिवळा पडला होता.

रानमोडी कशी ओळखायची ते सांगते, कारण शहरातल्या अनेकांना ती नुसते हिरवे रान वाटते. पान साधारण त्रिकोणी, कडेला दाते, आणि देठापासून फुटलेल्या तीन शिरा ठळक दिसतात. पान चुरगळले की उग्र वास येतो. आमच्या लहानपणी खरचटले की हाच पाला चोळून जखमेवर दाबायचे आणि रक्त थांबायचे, तेवढा गुण तिचाही मान्य करते. ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची, एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून बाहेर पडली असे मानतात. दिवाळीनंतर ती कळ्या धरते, मग फिकट जांभळट-पांढरे गुच्छ येतात, आणि त्या बियांना केस असतात, वाऱ्याबरोबर त्या अख्ख्या डोंगरावर जातात. उन्हाळ्यात काड्या वाळून कोळ होतात. एक ठिणगी पडली की आग धावत सुटते. आगीत आपली झाडोऱ्याची रोपे मरतात, रानमोडी मात्र बुंध्याशी पुन्हा फुटते आणि पुढच्या पावसात आणखी दाट होते.

म्हणून ग्रास कटर लावून ती कापणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कापली की एका बुंध्यातून चार फुटवे येतात. शिवाय कटर चालवणारा माणूस कुड्याचे रोप आणि रानमोडीचे रोप वेगळे करत नाही, सगळे सपाट करून पुढे जातो. ती उपटायलाच लागते, तीही पावसात, जमीन ओली असताना, दोन्ही हातांनी बुंध्याशी धरून. तेव्हा ती मुळासकट अलगद येते. मी स्वतः आमच्या कुळागराच्या वरच्या बांधापासून टेकडीपर्यंतची पट्टी अशीच साफ ठेवली आहे, आणि तिथे करवंदे, चुन्नां, किंदळाची (किंजळाची) रोपे आपणहून वर आली. लावावी लागली नाहीत.

आता अकेशियाचे घ्या. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचे हे झाड सामाजिक वनीकरणाच्या काळात आपल्याकडे भरभरून लावले गेले. त्याचे आपण जे पान म्हणतो तो खरे तर चपटा झालेला देठ असतो. चिवट, लवकर कुजत नाही, झाडाखाली त्याचा थर साचतो आणि त्यातून दुसरे फारसे काही डोके वर काढत नाही. पण खाणींच्या ढिगाऱ्यांवर, जिथे लाल धुळीशिवाय काही नव्हते, तिथे याच अकेशियाने उतार धरून ठेवला आणि आजूबाजूच्या घरांना जळण दिले. ते मी कसे नाकारू? त्याच अकेशियाची रांग सड्यावर लावली तर मात्र तो गुन्हा आहे. सडा म्हणजे ओसाड जमीन, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी श्रावणात एकदा सड्यावर जावे. कातळावरच्या वीतभर पाण्यात सीतेची आसवे फुललेली असतात, दवबिंदू असतो, गेंदाच्या पांढऱ्या बोंडांनी जमीन झाकलेली असते. त्या उघड्या कातळावर अकेशिया तर नकोच, आपले किंदळ आणि माट्टीसुद्धा नको. त्यांची जागा सड्याच्या कडेला, उतारावर, जिथे माती आहे तिथे. जागा चुकली तर आपले झाडही नुकसान करते.

आणि काजू. इथे मला माझ्याच लोकांशी भांडावे लागते. काजू ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणलेला, आणि आज गोव्यात सुमारे ५५ हजार हेक्टरांवर उभा आहे. आमच्या घरी बोंडूचा हंगाम म्हणजे सणच असतो. हुर्राक, फेणी, भाटीचा वास, सुक्या बियांची पोती, यांवर किती घरे चालतात ते मला माहीत आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्हाला अभिमान वाटला. पण परक्या झाडांवर तावातावाने बोलणारा माणूस काजूचे नाव आले की गप्प होतो, हे मी सभांमध्ये पाहिले आहे. आमच्या मागच्या डोंगरावर नव्या काजूसाठी दर उन्हाळ्यात झाडी तोडून जाळतात, त्या राखेत किंदळही जातो, माट्टीही जाते, कांगलांचा वेलही जातो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपास आगी लागल्या तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. ते दिवस आठवले की आगपेटी हातात घेणाऱ्याने कितीदा विचार करावा हे वेगळे सांगायला नको. उजाड भरडावर लावलेला काजू घर चालवतो. उभे रान जाळून लावलेला काजू घातक प्रजातींच्या यादीत गेला पाहिजे, मग तो आपल्या कितीही लाडका असो. हे मी ग्रामसभेत बोलले. काहींना ते आवडले नाही, तरी माझे मत तेच आहे.

आता मोबाईलबद्दल. समितीचे सगळे निरोप हल्ली मोबाईलवरच्या गटात जातात. तरुण मंडळी उत्साही आहेत, निरोप पटापट लिहितात, आणि मराठी लिहिताना मोबाईल शब्द आपोआप बदलतो. गेल्या दोन पावसांत यातून आमच्या गावात जे जे झाले ते सांगण्यासारखे आहे.

जुलैतला पहिला निरोप असा गेला: 'रविवारी सकाळी आठ वाजता सड्याच्या कडेला पन्नास कंदील लावायचे आहेत. खड्डे तयार आहेत.' लिहायचे होते किंदळ. भर पावसात कंदील कसले, असे लोकांनी विचारले नाही, कारण आमच्याकडे आकाशकंदिलांच्या स्पर्धेचे वेड मोठे. दिवाळीची तयारी यंदा लवकर सुरू झाली असे पोरांना वाटले. फक्त खड्ड्यांचे कोडे कोणाला सुटेना. शेवटी बांबू पुरायला खड्डे असणार असे ठरवून क्रीडा मंडळाची पोरे बांबूच्या काठ्या, तार आणि पक्कड घेऊन सड्यावर हजर झाली. तिथे बघतात तर किंदळाची रोपे. सगळे पोट धरून हसले. पण त्या काठ्या वाया गेल्या नाहीत. सड्याच्या कडेला वारा जबर असतो, प्रत्येक रोपाला आधाराची काठी लागतेच. त्या वर्षीची रोपे वाऱ्याने मोडली नाहीत ती त्या बांबूंमुळे.

त्याच दिवसासाठी दुसरा निरोप होता की येताना प्रत्येकाने एक माट्टी आणावी, म्हणजे घरी रुजवलेले माट्टीचे रोप. तो पोचला 'एक माती आणावी' असा. वरच्या वाड्यावरच्या काही जणांनी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांतून कुळागरातली काळी माती खांद्यावर घेऊन चढ चढला. तीही खड्ड्यांत गेली, चांगल्या कामाला आली.

तळ्याच्या वेळी मात्र धावपळ झाली. आमच्या तळ्यात साल्विनिया शिरली आहे. लोक तिलाही जलपर्णीच म्हणतात, पण ती वेगळी. जलपर्णीला फुगलेले देठ आणि जांभळी फुले असतात. साल्विनिया ही पाण्यावर तरंगणारी नेचाच्या जातीची वनस्पती, मूळची आग्नेय ब्राझीलची. तिच्या पानांवर बारीक केसांची दाट लव असते, बोटांनी पाण्यात दाबली तरी सोडल्यावर कोरडीच्या कोरडी वर येते. काही दिवसांत ती दुप्पट होते, तळे झाकून टाकते आणि खालच्या पाण्याला ऊन मिळू देत नाही. ती काढायची म्हणून निरोप गेला: 'उद्या सकाळी सात वाजता तळ्यातली सलोनी बाहेर काढायची आहे. दोर आणि टोपल्या घेऊन यावे.' त्या नावाची मुलगी गावात आहे. तिच्या आईला नातेवाइकांचे फोन सुरू झाले. शेजारच्या प्रभागातल्या एका बाईंनी मला रडवेल्या आवाजात विचारले की अग्निशामक दलाला कळवले का, आणि सकाळपर्यंत थांबायचे कशाला. मुलगी घरात अभ्यास करत होती. दुसऱ्या दिवशी तीच टोपली घेऊन सगळ्यांच्या आधी तळ्यावर आली, आणि तिच्यामुळे तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलीही आल्या.

एका सरकारी कार्यालयाला समितीने पत्र पाठवले, त्यात अकेशियाचे आशिया झाले होते. 'गावातील आशिया टप्प्याटप्प्याने काढून टाकून त्या जागी स्थानिक वृक्ष लावावेत', असे ते पत्र आवक शिक्का होऊन फायलीत गेले आणि 'सदर बाबीचा खुलासा करावा' अशा शेऱ्यासह परत आले. तोवर पाऊस संपला. लागवडीचे एक वर्ष गेले.

या सगळ्यावर आम्ही हसलो, आणि हसण्याने माणसे जवळ आली हेही खरे. पण एका निरोपाचे मला अजून वाईट वाटते. रस्त्याच्या वळणावर जुना काजरा होता. त्याच्या बिया विषारी, पाला कडू, म्हणून गुरे तोंड लावत नाहीत आणि माणसे त्याला निरुपयोगी समजतात. पण नारिंगी फळे पिकली की धनेश येतात. आमच्या शाळेतली मुले खिडकीतून त्या पंखांचा आवाज ऐकून पुस्तक टाकून धावायची, आणि मी त्यांना जाऊ द्यायची. रस्त्याकडेची झुडपे साफ करायला ठेकेदाराची माणसे येणार होती, म्हणून एका सदस्याने आदल्या रात्री निरोप टाकला की वळणावरचा काजरा तोडू नका. तो पोचला 'वळणावरचा गजरा तोडू नका' असा. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाचे काहीतरी असेल असे समजून लोकांनी त्यावर हसण्याची चित्रे टाकली आणि झोपले. सकाळी यंत्र आले. दुपारपर्यंत झाड पडले होते. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, रानमोडीचा गच्च ताटवा होता. तिचे शेंडे छाटले होते, मुळे जागच्या जागी. पुढच्या पावसात ती पुन्हा उभी राहिली. काजरा राहिला नाही.

नावे बरोबर पोचावीत हा आग्रह मी यासाठी धरते. साल्विनियाचा इलाज याच कारणाने आठवतो. १९८०च्या दशकात केरळात कालवे आणि भातशेती या वनस्पतीने बुजल्या होत्या. तेव्हा तिच्या मूळ गावचा, ब्राझीलचा, जेमतेम दोन मिलिमीटरांचा सोंडकिडा ऑस्ट्रेलियामार्गे आणून तपासला गेला. तो साल्विनियाशिवाय दुसरे काही खात नाही याची खात्री करून १९८३ च्या सुमारास सोडला, आणि पुढच्या काही वर्षांत कालवे होड्यांना मोकळे झाले. हा किडाही परकाच. आणि तो जलपर्णीवर सोडला तर उपाशी मरेल. तळ्यात नेमके काय आहे हे न बघता 'पाण्यातली परदेशी वनस्पती' एवढ्यावर काम चालत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागली आहे, ती लिहिते. वृक्षारोपणाच्या एका कार्यक्रमात वक्त्यांनी रानमोडीबद्दल बोलता बोलता गाडी 'भायल्यां'कडे वळवली. बाहेरून येणारी झाडे आणि बाहेरून येणारी माणसे सारखीच, दोघांनाही वेळीच रोखले पाहिजे, असे ते म्हणाले आणि काही टाळ्या पडल्या. समोर माझ्या कुळागरात काम करणारे झारखंडचे दोघे बसले होते. खड्डे त्यांनीच खणले होते. आज अंत्रुज महालात पोफळीवर चढायला माणूस मिळत नाही, पाडेलींची, म्हणजे झाडावर चढून फळे उतरवणाऱ्यांची, मुले नोकऱ्यांना गेली, आणि आमच्या सुपाऱ्या खाली उतरतात त्या या मुलांच्या हातांनी. त्यांचे डोळे खाली गेलेले मी पाहिले. जमिनीच्या विक्रीबद्दल, डोंगरकापणीबद्दल गोंयकारांचा राग आहे आणि तो मलाही आहे. तो सरळ बोलावा, विकणाऱ्याचे आणि परवाना देणाऱ्याचे नाव घेऊन बोलावा. झाडाच्या आडून माणसावर बोलू नये. रानमोडी उपटून वाळत टाकायची असते. माणसाला आपण घोटभर पाणी विचारतो, हीच आपल्या घराची रीत आहे.

आता काय करावे असे मला वाटते ते लिहिते. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली गावोगावी समित्या आहेत आणि गावातल्या झाडाजिवांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातही २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींबद्दल ६२-अ हे कलम आले, त्यानुसार केंद्र सरकार अशा प्रजातींची आयात, व्यापार आणि फैलाव यांवर नियंत्रण आणू शकते. तो वरचा मार्ग झाला. आपल्या हातातला मार्ग नोंदवहीचा. प्रत्येक गावाने नोंदवहीत एक पान वाड्यावाड्यांनुसार करावे: हा डोंगर, हे तळे, हा सडा, हा ओहोळ, आणि तिथे आज कोण कोणाची जागा खाते आहे. ते पान भरायला माटोळीवाल्यांना, पाडेलींना, गुरे राखणाऱ्यांना बरोबर घ्यावे, आणि त्या दिवसाची मजुरी त्यांना पंचायतीने द्यावी. त्यांचे ज्ञान फुकट घेण्याची सवय आता सोडू या. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या स्पर्धा घेते, ती फार चांगली गोष्ट आहे. पण माटोळीत किती वस्तू बांधल्या हे मोजताना त्या कुठल्या डोंगरावरून आल्या आणि तो डोंगर कसा आहे, हेही विचारले गेले तर स्पर्धेला वेगळेच वजन येईल.

रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि बागांत पिवळ्या फुलांची सिंगापूर डेझी लावणे थांबवावे. ती दिसायला गोजिरवाणी आहे, पण गटारावाटे ओहोळात उतरते आणि काठ झाकते. ती अमेरिका खंडातली आहे म्हणून थांबवा असे मी म्हणत नाही, बोगनवेलही तिकडचीच आणि ती दुभाजकावरून हलत नाही, ती राहू दे. अकेशिया एका झटक्यात तोडू नये. आधी त्याखाली किंदळ, माट्टी, कुडा यांची रोपे धरली आहेत का बघावे, आणि ती वर येतील तसतसा अकेशिया विरळ करावा. रानमोडी चतुर्थीच्या आधी आणि नंतर, जमीन ओली आहे तोवर उपटावी. फुले सुकून बी धरले की हात लावून उपयोग नाही, बियाच झटकल्या जातात.

निरोपांबद्दल एवढेच. झाडाबद्दलचा निरोप पाठवताना पानाचा फोटो जोडावा, किंवा तोंडी बोलून पाठवावा, आणि महत्त्वाचा असेल तर कागदावर लिहून दूध सोसायटीच्या आणि देवळाच्या फलकावर लावावा. काजऱ्यानंतर आमच्या समितीने हा नियम केला आहे. आमच्या वळणावर आता त्याच काजऱ्याच्या बियांची रोपे लावली आहेत, त्यांच्या कुंपणाला पाटी आहे, आणि पाटीवर मुलांनी नाव आणि फळाचे चित्र दोन्ही काढले आहे.

आमच्या वाड्याचे नोंदवहीतले पान भरून झाले आहे. त्याची हाताने लिहिलेली प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. जागा असेल तर छापावी, म्हणजे इतर गावांना नमुना मिळेल. छापताना झाडांची नावे लिहिली आहेत तशीच राहू द्यावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि कुळागरकारीण
फोंडा तालुका